पाऊण

ओल्या कागदाच्या गुंडाळीत घेवड्याचे पन्नास दाणे होते. त्यांतले चव्वेचाळीस नीट उगवले होते: मूळ सरळ, दांडा ताठ, दोन्ही दलं शाबूत. तीन उगवले होते, पण वेडेवाकडे. एकाला मूळच नव्हतं, एकाचा दांडा पिळवटून उलटा फिरला होता, एकाला नुसतं मूळ फुटून पुढे काही झालं नव्हतं. दोन कुजले होते. उरलेला एक इतके दिवस ओल्यात राहूनही खड्यासारखा टणक होता. चव्वेचाळीस, तीन, दोन, एक. पन्नास.

छोटीने टणक दाणा चिमट्याने उचलून बाजूला ठेवला, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

"घ्या की मॅडम," समोर ट्रे पुसत बसलेले मामा म्हणाले. मामा बियाणं तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत तिच्याही आधीपासून शिपाई होते. "घरचाच असणार. या वेळेला परके लोक फोन करत नाहीत."

फोन दादाचा होता. चार भावंडांतला थोरला.

"आला गं रिपोर्ट," तो म्हणाला.

"मग?"

"नाही जुळत. दहापैकी एक म्हणे. एक तर रस्त्यावरच्या माणसाशीही जुळतो, असं म्हणाला तिथला माणूस."

"बरं."

"बरं काय बरं?"

"मग काय म्हणू, दादा?"

त्याच्या मागे गॅरेजमध्ये कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं. "आईला तू सांग," तो शेवटी म्हणाला. "माझी काही छाती होत नाही. एवढा आडदांड देह घेऊन फिरतो मी, आणि ऐन वेळी भावाच्या उपयोगाचं त्यात काही नाही म्हणजे काय."

छोटीने फोन ठेवला आणि पुढची गुंडाळी उलगडली. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण हात मोजत राहिले आणि आकडे बरोबर आले. पन्नासला पन्नास.

"सगळं ठीक ना?" मामांनी विचारलं.

"एक नमुना गेला," ती म्हणाली. मामांना वाटलं, बियाण्याचा.

तिला छोटी म्हणत, कारण बरीच वर्षं ती घरात सगळ्यांत लहान होती. नंतर धाकटा भाऊ झाला, त्याला सगळे शेंडेफळ म्हणू लागले, तरी हिचं नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता ती चाळिशीला आली होती आणि आई अन् शेंडेफळ यांच्याबरोबर राहत होती. तिच्या लग्नाचा विषय कधी निघायचा बंद झाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शेंडेफळ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. हिवाळा संपता संपता त्याच्या दंडांवर निळे डाग दिसू लागले. त्याला वाटलं, कामात कुठेतरी आपटलं असेल. मग हिरड्यांतून रक्त आलं आणि ते थांबेना. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की याच्या हाडांच्या आत नवं रक्त तयार व्हायचंच थांबलंय. बाहेरून किती दिवस रक्त चढवणार? ज्याचं पूर्ण जुळतं अशा सख्ख्या भावंडाच्या हाडांतला मगज मिळाला, तर पोरगा उभा राहील.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने कागदावर रेघा ओढून समजावलं होतं. आईकडे दोन दोऱ्या, वडिलांकडे दोन; प्रत्येक दोरीवर पाच खुणा. प्रत्येक मुलाला आईची एक आणि वडिलांची एक मिळते. कुठली मिळेल, ते कुणाच्या हातात नाही.

"याला आईकडून जी आली, तीच तुम्हाला आली असेल, याची शक्यता अर्धी," तो म्हणाला. "वडिलांकडचीही तीच आली असेल, याची शक्यता पुन्हा अर्धी. आपल्याला दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. म्हणजे अर्ध्याचं अर्धं."

"पाव," आई म्हणाली.

डॉक्टर चकित होऊन हसला. "अगदी बरोबर, मावशी. पाव."

आईने तीस वर्षं धान्याचं दुकान चालवलं होतं. नवरा गेल्यावरही ती गल्ल्यावर बसली आणि गुडघे थकले तेव्हाच उठली. पाव, अर्धा, पाऊण हे तिच्यासाठी आकडे नव्हते. ती लोखंडाची वजनं होती. डोळे मिटून नुसत्या हाताला लागली तरी तिला ती ओळखू यायची.

"माझं घ्या की," ती म्हणाली.

"आईचं नेहमी अर्धंच जुळतं. याच्या बाबतीत अर्ध्यावर आम्ही जाणार नाही. ते त्याला झेपायचं नाही."

"मग ही तिघं आहेत. तीन पाव." आईने मांडीवर तीन बोटं एकेक करून टेकवली. "पाऊण झालं."

"म्हणजे ते तसं अगदी…" डॉक्टर बोलू लागला, आणि दारातून नर्सने त्याला हाक मारली. तो उठून गेला तो गेलाच.

जिना उतरताना आई कठड्याला धरून दर पायरीला थांबत होती. "पाऊण म्हणजे जवळजवळ एकच," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला पाऊण किलो दिलं ना, तर त्याला पिशवी भरल्यासारखीच वाटते."

छोटीने तोवर मनात हिशोब केला होता. एकाचं न जुळण्याची शक्यता पाऊण. तिघांपैकी कुणाचंच न जुळण्याची पाऊणचं पाऊण आणि त्याचंही पुन्हा पाऊण, म्हणजे चौसष्टातले सत्तावीस. निदान एकाचं तरी जुळण्याची, उरलेले सदतीस. शंभरात अठ्ठावन्न. आई पंचाहत्तर धरून चालली होती. मधल्या सतरांसाठी आईला जिन्यात थांबवावं, असं छोटीला वाटलं नाही.

थोरल्याचं आणि ताईचं रक्त लगेच घेतलं. छोटीला त्या आठवड्यात ताप होता, म्हणून तिचं मागाहून.

थोरल्याची बातमी तिने संध्याकाळी घरी गेल्यावर सांगितली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली, तळव्याने दाबून सपाट केली.

"पाव गेला," ती म्हणाली. "अजून अर्धा आहे."

तराजूतून एक वजन उचलून बाजूला ठेवावं, तसं.

ताईचा निकाल त्याच आठवड्यात आला. ताई शिवणकाम करायची. बाजारपेठेत तिचं बोळकंडीएवढं दुकान होतं. निकालाचा कागद घेऊन ती थेट दवाखान्यातच आली. शेंडेफळच्या खोलीत जाताना सगळ्यांना तोंडाला फडकं बांधावं लागे, त्यामुळे तिचे नुसते डोळे दिसत होते. ते लाल होते.

"अर्धं," ती म्हणाली. "दहापैकी पाच. मेलं अर्धं कशाला? मी आयुष्यात कधी कुठलं काम अर्धं टाकलंय का?"

"शर्टाची एकच बाही शिवून दिलीस बघ, ताई," पलंगावरून शेंडेफळ म्हणाला. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण जीभ शाबूत होती. "गिऱ्हाईक घेईल का? म्हणेल, पैसे पण निम्मेच."

"गप बस. तुला लहानपणी कडेवर घेऊन घेऊन माझी ही कंबर वाकडी झाली. त्याचा तरी काही गुण लागायला हवा होता की नको?"

"कडेवर घेऊन रक्त जुळलं असतं तर शेजारच्या काकूंचं जुळलं असतं. तू मला त्यांच्याकडेच टाकून खेळायला जायचीस."

ताई हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. आई खुर्चीत होती. तिने ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मग ताई म्हणाली, "चल आई, खाली चहा घेऊ. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही." आई उठली. दाराशी थांबून तिने छोटीकडे पाहिलं. "आता सगळं हिच्यावर आलं," ती कुणाला म्हणून नाही अशी बोलली, आणि गेली.

दोघं उरल्यावर शेंडेफळने मान वळवली.

"आईचा हिशोब चुकलाय ना?"

छोटीने त्याच्या उशाची चादर सारखी केली.

"मला कळतं गं. आमच्या लिफ्टला दोन ब्रेक असतात. समज, एक ब्रेक शंभरदा लावला तर एकदा दगा देतो. दुसराही तसलाच. मग दोन्ही एकाच वेळी दगा देणार, असं किती वेळा?"

"दहा हजारांत एकदा."

"बरोबर. गुणायचं असतं. आईसारखी बेरीज करत बसलं, तर जितके ब्रेक जास्त लावू तितकी लिफ्ट जास्त पडायला लागेल." तो हसला, आणि हसण्याने दम लागला म्हणून थांबला.

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला? पाऊण म्हटलं की ती दोन घास खाते. तू पण बोलू नकोस. शपथबिपथ नको, नुसतं बोलू नकोस."

"बरं."

"तुझं किती धरायचं आता?"

"पाव."

"म्हणजे सुरुवातीला होतं तेच."

"तेच."

"थोरल्याचं गेलं, ताईचं गेलं, म्हणून तुझं वाढलं, असं काही नाही?"

"नाही."

"बघ, तू म्हणजे ना, माणसाला खोटा दिलासासुद्धा देणार नाहीस," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याने डोळे मिटले. नळीतून कुणा परक्याचं रक्त थेंब थेंब खाली येत होतं. छोटी ते बघत बसली. मोजलं मात्र नाही.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट शिकवली होती. दाणे हाताने निवडायचे नाहीत. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो, आणि मग सगळी चाचणी खोटी पडते. म्हणून भोकं पाडलेली एक पाटी असते. ती बियाण्याच्या ढिगात दाबायची आणि भोकात जो दाणा बसेल तो आपला. दुसरी गोष्ट तिची तीच शिकली होती. दाण्याला शेजारच्या दाण्याचं काही माहीत नसतं. ओळीत पाच कुजके निघाले, म्हणून सहावा मनाची लाज धरून उगवत नाही. ही गोष्ट ती प्रयोगशाळेत इतकी वर्षं रोज पाहत होती. घरात कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

तिचं रक्त घेऊन झालं होतं आणि निकाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. दुपारी ती सुट्टी टाकून दवाखान्यात आली, तेव्हा आई खोलीबाहेरच्या बाकावर एकटी होती. शेजारी सकाळचा डबा होता, न उघडलेला. कालचाही तसाच परत गेला होता, हे छोटीला माहीत होतं.

"जेवली नाहीस?"

"नाही गेलं."

"आई, असं करून कसं चालेल?"

"चालतंय की." आई भिंतीकडे बघत होती. भिंतीवर अग्निशामक नळकांडं होतं आणि त्याखाली कसल्याशा सूचना. "एक पाव कमी पडला," ती म्हणाली.

"कसला?"

"मधला असता तर किलो भरला असता."

छोटीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिच्या आणि शेंडेफळच्या मध्ये एक भाऊ झाला होता. दहा महिने जगला आणि तापात गेला. छोटीला त्याचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की एका कामाच्या दिवशी दुकान बंद होतं आणि बंद दुकानात पोत्यांच्या मधोमध आई बसली होती. त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. आईने तर नाहीच. आज इतक्या वर्षांनी ती त्याला मधला म्हणाली, तेही दळणाचा हिशोब सांगावा तशा आवाजात.

"थोरला, ताई, तू आणि तो. चार पाव," आई म्हणाली. "मग बघायलाच नको होतं. कुणाचं ना कुणाचं जुळलंच असतं. किलोला किलो."

"आई…"

"मी त्याला नीट सांभाळला असता, तर हा आज उठून कामावर गेला असता. एवढंच आहे ते. मी रात्रंदिवस तेच मोजते. त्यात काही चूक सापडत नाही."

छोटीने आईकडे पाहिलं. आईचे डोळे कोरडे होते. ती आता आशा मोजत नव्हती, हे छोटीच्या लक्षात आलं. आई एका मुलाच्या मरणावर दुसऱ्याचं मरण चढवून बघत होती, आणि चुकीच्या बेरजेने ते काट्यावर बरोबर बसत होतं.

बोलणार नाही, असं ती शेंडेफळला म्हणाली होती. ते तिला आठवत होतं.

"त्यात चूक आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

बाकाखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या, त्यांच्याच. छोटीने चार बाटल्यांची झाकणं काढली. तीन पांढरी निघाली, एक निळं. डब्याची कापडी पिशवी रिकामी करून तिने झाकणं आत टाकली आणि पिशवी हलवली.

"हे काय पोरखेळ?"

"निळं म्हणजे जुळलं. चारांत एक. पाव. बरोबर?"

"बरोबर."

"न बघता एक काढ. हा दादा."

आईने काहीशा अनिच्छेने हात घातला. पांढरं. छोटीने ते परत पिशवीत टाकलं.

"परत का टाकलंस?"

"ताईलाही चारच झाकणं मिळायला हवीत ना? दादाने काय काढलं, ते ताईच्या रक्ताला कुठे माहीत होतं? आता ही ताई."

पांढरं.

"आता माझं काढ."

आईचा हात पिशवीच्या तोंडाशी थांबला. "तुझं नको," ती म्हणाली. "तुझं खरं यायचंय उद्या."

"बरं. मग त्याचं काढ."

आईने बराच वेळ लावला. पिशवीत झाकणं एकमेकांवर घासत होती. समोरून एक वॉर्डबॉय रिकामं स्ट्रेचर ढकलत गेला, त्याची चाकं वाजत गेली. आईने हात बाहेर काढून मूठ उघडली. पांढरं.

"परत," आई म्हणाली. तिने स्वतःच ते आत टाकलं, पिशवी हलवली आणि काढलं. पांढरं. पुन्हा टाकलं, पुन्हा हलवली. या वेळी निळं आलं. ती ते तळहातावर घेऊन बघत राहिली.

"आलं," ती म्हणाली.

"हो. कधी येतं. कधी येत नाही."

"म्हणजे तो असता तरी नक्की नव्हतं."

"नव्हतं. शंभर घरांत अशी चार-चार भावंडं असती, तर बत्तिसेक घरांत चौघांचंही पांढरंच निघालं असतं."

"दहा असती तर?"

"दहा असती तरी नक्की नाही. पांढरं निघायची भीती कमी होत जाते. संपत नाही."

आईने निळं झाकण पिशवीत टाकलं. "वजनं तशी नसतात," ती म्हणाली. "वजन एकदा टाकलं की ते असतंच."

"हो. हे वजनासारखं नाही."

"मग तुझं? थोरल्याचं नि ताईचं राहिलेलं?"

"राहिलेलं असं काही नसतं, आई. माझं पावच."

"तेवढंच."

"तेवढंच."

छोटीला वाटलं, आता आई रडेल, किंवा चिडेल. तसं काही झालं नाही. आईने डबा मांडीवर ओढला, झाकण उघडलं, आतला घास बोटांनी सारखा केला.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस?"

"काही नाही. पाऊण धरून झोपत होते, पाव धरून झोपले असते." तिने एक घास खाल्ला. बराच वेळ चावला. "तो दिसायला तुझ्यासारखा होता," ती म्हणाली. "कान तर अगदी तुझे."

"मला आठवत नाही."

"तुला कसं आठवेल? तू एवढीशी होतीस." आणि ती जेवत राहिली. तिने डबा संपवला. छोटीने झाकणं परत बाटल्यांना लावली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून आई आत गेली. छोटी दारातच उभी राहिली. शेंडेफळ जागा होता.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"जेवले. सगळा डबा."

"शाबास. आज काय विशेष?"

आईने पलंगाशी खुर्ची ओढली, त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. "उद्या छोटीचा निकाल आहे," ती म्हणाली. "तू काही घाबरू नकोस. पाऊण आहे."

शेंडेफळने आईच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. छोटीने नजर खाली घेतली. तो काय समजला आणि काय नाही, ते तिला कळलं नाही.

"मी कशाला घाबरू?" तो म्हणाला. "पाऊण म्हणजे जवळजवळ एकच."

"तेच म्हणते मी."

"गिऱ्हाइकाला पिशवी भरल्यासारखीच वाटते."

"वाटतेच मुळी," आई म्हणाली, आणि त्याचा पाय दाबू लागली. डागांना धक्का लागू नये म्हणून अगदी हलक्या हाताने.

दुसऱ्या दिवशी थोरला आणि ताई दोघंही आले होते. थोरला गॅरेजमधून तसाच आला होता, नखांत काळं घेऊन. ते दोघं शेंडेफळजवळ थांबले. निकाल घ्यायला डॉक्टरांच्या खोलीत आई आणि छोटी गेल्या. डॉक्टरने त्यांना बसायला सांगितलं. तो काही बोलणार, तेवढ्यात आईने हात वर केला.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "हिला वाचू द्या. तिचं आहे."

डॉक्टरने कागद टेबलावरून छोटीकडे सरकवला आणि चष्मा काढून पुसत बसला.

कागदावर दोन रकाने होते. डावा तिच्या भावाचा, उजवा तिचा. पाच ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत, प्रत्येकाचे, दोन आकडे. छोटीने वरून सुरुवात केली. पहिल्या ओळीतला पहिला आकडा दोन्हीकडे सारखा होता. दुसरा वेगळा होता. तिने बोट खाली नेलं. दुसऱ्या ओळीतही एक सारखा, एक वेगळा. आई तिच्या बोटाकडे बघत होती. तिसरी ओळ. चौथी. पाचवी. मग सवयीप्रमाणे तिने खालून वरपर्यंत पुन्हा एकदा मोजलं.

"वाच," आई म्हणाली.

"दहापैकी पाच."